सातशे जीएमचा डाय पेशीत फिका का पडतो?

प्रश्न थोडक्यात असा: ट्रायफेनिलअमाईन हा दाता (इलेक्ट्रॉन देणारा गट) आणि डायसायनोव्हिनिल हा ग्राही (इलेक्ट्रॉन ओढणारा गट) असलेला एक डाय, म्हणजे चमकणारं रंगद्रव्य, बनवला आहे. त्याचं साधं शोषण ४८० नॅनोमीटरच्या आसपास आहे. टोल्युईन या अध्रुवीय द्रावकात ८०० नॅनोमीटरला दोन फोटॉन शोषणाचा काटछेद (रेणू दोन फोटॉन एकदम किती सहज शोषतो त्याचं माप) ७०० जीएम आला आणि क्वांटम यील्ड (उत्तेजित रेणूंपैकी किती हिस्सा प्रकाश देतो ते) ०.८. पण हेला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवतात त्या कर्करोगाच्या पेशी) टाकून दोन फोटॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर प्रकाश जेमतेम दिसतो. असं का होतं? आणि हाच रेणू इमेजिंगबरोबर फोटोडायनॅमिक उपचारालाही (प्रकाशाने डाय उत्तेजित करून पेशी मारणं) चालेल का?

सुरुवात त्या ७०० च्या आकड्यापासूनच करू, कारण घोळ तिथेच आहे. जीएम हे एकक भौतिकशास्त्रज्ञ मारिया ग्योपर्ट-मायर यांच्या नावाचं. एकच रेणू एकाच क्षणी दोन फोटॉन मिळून शोषू शकतो, हे त्यांनी १९३१ मध्ये गटिंगन इथल्या प्रबंधात गणिताने मांडलं. प्रत्यक्ष पुरावा मिळायला लेझर यावा लागला, तो १९६१ मध्ये. आणि १९९० मध्ये कॉर्नेलमध्ये डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी त्यावर सूक्ष्मदर्शक उभा केला. एक जीएम म्हणजे १० चा उणे ५० वा घात इतके सेंटिमीटर चतुर्थघात-सेकंद प्रति फोटॉन. हा आकडा रेणू किती शोषतो एवढंच सांगतो. तो किती उजळतो हे कळायला काटछेद आणि क्वांटम यील्ड यांचा गुणाकार लागतो, आणि तोही पेशीत असतं तशा माध्यमात, तुमच्या लेझरच्या तरंगलांबीवर.

तुमचाच हिशोब मांडून पाहा. टोल्युईनमध्ये ७०० गुणिले ०.८ म्हणजे ५६०. पाण्यात अशा रचनेच्या डायचं क्वांटम यील्ड ०.०२ पर्यंत घसरणं अगदी नेहमीचं आहे. काटछेद तसाच राहिला असं धरलं तरी उरतात १४. साधं फ्लुओरेसीन अल्कधर्मी पाण्यात ७८० च्या आसपास सुमारे ३७ जीएम देतं, पण त्याचं क्वांटम यील्ड ०.९ च्या पुढे असतं, म्हणजे गुणाकार ३३ च्या वर. बाटलीतून काढलेलं स्वस्त फ्लुओरेसीन तुमच्या डायच्या दुपटीहून जास्त उजळतं ते यामुळे.

ही घसरण का होते? दात्याकडून ग्राहीकडे विद्युतभार सरकला की उत्तेजित अवस्थेचा द्विध्रुव (धन आणि ऋण भारांमधली फारकत) मोठा होतो, आणि दोन फोटॉन काटछेद वाढतो तो त्याच कारणाने. पण पाण्यासारखं ध्रुवीय माध्यम ती अवस्था आणखी खाली खेचतं, ऊर्जेतलं अंतर कमी होतं, रेणू मधल्या बंधाभोवती वळतो आणि ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णतेत जाते. म्हणजे ज्या गुणासाठी रेणू घडवला तोच पाण्यात नडतो. त्यात हे रेणू पाण्याला घाबरणारे, म्हणून एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात आणि उरलासुरला प्रकाशही विझतो.

तुमच्या रेणूत आणखी एक खास धोका आहे, आणि तो बरेचदा कोणी तपासत नाही. डायसायनोव्हिनिल गटावर थायोल (गंधक-हायड्रोजन गट असलेले रेणू) सहज हल्ला करतात. पेशीत ग्लुटाथायोन हे थायोल १ ते १० मिलिमोलर इतकं असतं, तर तुमचा डाय काही मायक्रोमोलर. पीएच ७.४ च्या बफरमध्ये ५ मिलिमोलर ग्लुटाथायोन घ्या, डाय ५ मायक्रोमोलर घाला, ३७ अंशांवर ठेवा आणि तासभर दर १० मिनिटांनी शोषणवर्णपट काढा. ४८० चा उंचवटा खचून निळ्या बाजूला नवा उंचवटा उगवला, तर पेशीत पोचलेला रेणू तुम्ही बनवलेला रेणू राहिलेलाच नाही. तसं झालं तर बाकी सगळं बाजूला ठेवून ग्राही बदला. बेन्झोथायाडायाझोल किंवा पिरिडिनियम हे इथे जास्त भरवशाचे आहेत.

आता मोजमापाकडे. तुम्ही फक्त ८०० ला मोजलंत, बहुधा लेझर तिथे सर्वांत ताकदवान असतो म्हणून. पण तुमचा रेणू असममित आहे, एका टोकाला दाता, दुसऱ्या टोकाला ग्राही. अशा रेणूत सर्वांत खालची उत्तेजित अवस्था एका फोटॉनलाही चालते आणि दोन फोटॉनलाही. म्हणून ४८० च्या दुप्पट, म्हणजे ९६० च्या आसपासही उंचवटा असायला हवा. सममित रेणूत, उदाहरणार्थ दाता–सेतू (टोकं जोडणारा मधला भाग)–दाता अशा डिस्टायरिलबेन्झीनमध्ये, नियम उलटा: एका फोटॉनने जी अवस्था गाठता येते ती दोन फोटॉनला निषिद्ध असते. तिथे उंचवटा दुपटीच्या बराच निळीकडे सापडतो. ७२० ते १००० पर्यंत दर २० नॅनोमीटरला मोजा. ९६० ला काटछेद थोडा कमी निघाला तरी पेशींसाठी ती तरंगलांबी बरी, कारण ७८० च्या खाली पेशीचं स्वतःचं एनएडीएच (ऊर्जेच्या देवाणघेवाणीतला रेणू) उजळू लागतं आणि पेशींना इजाही जास्त होते. मात्र ९७० च्या जवळ पाण्याचं शोषण थोडं वाढतं, तेव्हा तिथे ताकद बेताने ठेवा.

मोजताना संदर्भ म्हणून मिथेनॉलमधलं रोडामिन बी घ्या (८४० च्या आसपास सुमारे २०० जीएम) किंवा पीएच ११ च्या पाण्यातलं फ्लुओरेसीन. नमुना आणि संदर्भ एकाच दिवशी, एकाच क्यूव्हेटमध्ये (द्रावण ठेवायची पारदर्शक कुपी), लेझरला हात न लावता मोजायचे. नमुन्याचा काटछेद म्हणजे संदर्भाचा काटछेद गुणिले संकेतांचं (डिटेक्टरवर आलेल्या प्रकाशाचं) गुणोत्तर, आणि मग संहती, क्वांटम यील्ड, अपवर्तनांक व डिटेक्टरची त्या त्या रंगाची संवेदनशीलता यांची दुरुस्ती. शेवटची दुरुस्ती लोक विसरतात. हिरव्या संदर्भाशी लाल डायची तुलना करताना तिथेच दुपटी-तिपटीचा फरक पडतो. संहती १० ते १०० मायक्रोमोलर पुरे. लेझरचा केंद्रबिंदू क्यूव्हेटच्या डिटेक्टरकडच्या भिंतीजवळ आणा, नाहीतर स्वतःचा प्रकाश डाय स्वतःच गिळतो.

त्यानंतर ज्याच्याशिवाय दोन फोटॉनचा कुठलाही दावा मान्य करू नये अशी एक कसोटी: लेझरची ताकद पाच-दहा पट बदलत सहा-सात ठिकाणी संकेत मोजा आणि दोन्हींचे लॉग घेऊन रेषा काढा. चढ २ च्या जवळ हवा, १.९ ते २.१. चढ १ कडे झुकला तर डाय त्या तरंगलांबीला सरळ एक फोटॉन शोषतोय. ७०० च्या पुढे साधं शोषण असलेले सायनिनसारखे डाय ८०० च्या लेझरने उजळवून त्याला दोन फोटॉन इमेजिंग म्हटलं जातं, ते चूक आहे. इंडोसायनिन ग्रीन हा असाच एक डाय; तो ८०० ला एकाच फोटॉनवर भरपूर उजळतो. खबरदारी म्हणून १ मिलिमोलर द्रावणाचं १ सेंटिमीटरच्या क्यूव्हेटमध्ये लेझरच्या तरंगलांबीला शोषण ०.०१ च्या खाली आहे ना, ते पाहा. चढ कमी ताकदीला २ आणि जास्त ताकदीला घसरत गेला तर ते संपृक्तीचं (उत्तेजित व्हायला मोकळे रेणूच न उरण्याचं) किंवा डाय जळत असल्याचं लक्षण. ८० मेगाहर्ट्झ, १०० फेमटोसेकंदाच्या लेझरची सरासरी ताकद १० मिलिवॅट म्हणजे प्रत्येक पल्स (प्रकाशाचा एक क्षणिक ठोका) ०.१२५ नॅनोज्यूल, आणि शिखर ताकद सव्वा किलोवॅट. हे सगळं चांगल्या ऑब्जेक्टिव्हने अर्ध्या मायक्रोमीटरच्या ठिपक्यात कोंबलं की १००० जीएमच्या डायचे दहा टक्क्यांहून जास्त रेणू ३ मिलिवॅटलाच दर पल्सला उत्तेजित होतात. म्हणून मोठ्या काटछेदाच्या डायला ताकद वाढवून काही मिळत नाही. ठिपका फुगतो, चित्र धूसर होतं. शिवाय दोन फोटॉनमध्ये डाय जळण्याचा वेग ताकदीच्या वर्गापेक्षाही जोरात वाढतो.

झेड-स्कॅनने (नमुना केंद्रबिंदूतून पुढेमागे सरकवत आरपार गेलेला प्रकाश मोजायची पद्धत) मोजलेला आकडा वाचताना पल्स किती लांबीची होती ते आधी बघा. नॅनोसेकंद पल्सने मोजलं तर आधीच उत्तेजित झालेला रेणू त्याच पल्समधून आणखी फोटॉन स्वतंत्रपणे शोषतो आणि काटछेद अवाच्या सवा फुगतो. फेमटोसेकंद असूनही पल्स फार भरभर येत असतील तर द्रावण तापून भिंगासारखं वागतं आणि आकडा बिघडतो. चमकणाऱ्या रेणूसाठी फ्लुओरेसन्सची तुलना पद्धतच बरी.

तुमच्या सूक्ष्मदर्शकातही प्रकाश हरवत असेल. दोन गोष्टी पाहा. पहिली, डिटेक्टरपुढचा लेझर अडवणारा फिल्टर. बऱ्याच यंत्रांत तो ६८० च्या पुढचं सगळं कापतो, आणि तुमच्या डायचा प्रकाश ध्रुवीय जागी सरकून ६५० ते ७२० ला गेला असेल तर निम्मा तिथेच संपला. शिवाय साधी बायअल्कली फोटोमल्टिप्लायर नळी (प्रकाश टिपणारा डिटेक्टर) ६५० च्या पुढे आंधळी होत जाते. गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइडची नळी ७०० पर्यंत साथ देते. दुसरी गोष्ट पल्सची लांबी. ऑब्जेक्टिव्ह, मॉड्युलेटर आणि भिंगं मिळून सहज ५००० फेमटोसेकंद-वर्ग इतकं पसरण (वेगवेगळे रंग मागेपुढे होऊन पल्स लांबणं) करतात. १०० फेमटोसेकंदाची पल्स त्यातून १७० ची होऊन नमुन्यावर पडते आणि संकेत तितक्याच पटीने घटतो. प्रिझमची जोडी लावून आधीच उलटं पसरण दिलं की तो परत मिळतो.

डाय वाचवायचा असेल तर उपाय आहेत. सेतू कडक करा, म्हणजे वळायला जागा राहणार नाही. सेतू म्हणून फ्लुओरीन (जोडलेल्या वलयांचं हायड्रोकार्बन, फ्लोरिन हे मूलद्रव्य नव्हे) घेतलं तर वळण बंद होतं. ग्राहीची ताकद एक पायरी कमी करा, काटछेद थोडा जाईल पण क्वांटम यील्ड कितीतरी वाढेल. पाण्यात विरघळावा म्हणून सल्फोनेट किंवा पीईजीच्या (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) साखळ्या जोडा. रेणू बदलायचाच नसेल तर प्लुरॉनिक एफ१२७ या पॉलिमरच्या मिसेलमध्ये (पाण्यात बनणारे, आतून तेलकट असे सूक्ष्म गोळे) कोंडा: डाय आणि पॉलिमर टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये विरघळवायचे, जोरात ढवळत असलेल्या पाण्यात थेंबाथेंबाने सोडायचे, द्रावक डायलिसिसने काढायचा आणि ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळायचं. मिसेलच्या आत टोल्युईनसारखंच कोरडं वातावरण मिळतं. गर्दी झाली तर मात्र तिथेही विझतं, म्हणून डाय वजनाने एक-दोन टक्क्यांच्या वर भरू नका. गोळा झाल्यावरच उजळणारे रेणू, ज्यांचा शोध बेन झोंग टांग यांच्या गटाने २००१ मध्ये लावला, ते इथे फार उपयोगी. त्यांना दाटीवाटी मानवते.

पेशींवर टाकताना डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकातलं मूळ द्रावण १ ते १० मिलिमोलर, पेशींवर १ ते ५ मायक्रोमोलर, ३० मिनिटं ३७ अंशांवर, आणि डीएमएसओ शेवटी ०.५ टक्क्यापेक्षा कमी. डाय न घातलेल्या पेशी त्याच ताकदीला, त्याच तरंगलांबीला आधी बघाच. कोलॅजन असलेल्या ऊतीत आणखी एक फसवणूक आहे: कोलॅजन लेझरच्या नेमक्या अर्ध्या तरंगलांबीचा प्रकाश परत देतं. ९२० ला लेझर असेल तर ४६० ला. लेझर ९६० वर न्या; चमक ४८० ला सरकली तर ती डायची नाही. आणि तुमच्यासारखा तेलकट, भाररहित डाय पेशीतल्या चरबीच्या थेंबांत आणि पटलांत जाऊन बसतो. तिथे तो उजळतो कारण तिथे पाणी नाही. म्हणजे चमकणारे ठिपके डाय कुठे जमला याच्याइतकेच तो कुठे विझला नाही हेही सांगत असतात. मायटोकॉन्ड्रियाकडे न्यायचा तर ट्रायफेनिलफॉस्फोनियम जोडा, लायसोसोमकडे न्यायचा तर मॉर्फोलिन, आणि बाजारातल्या खात्रीच्या डायबरोबर जागा जुळवून दाखवा.

आता उपचाराचा भाग. फोटोसेन्सिटायझर, म्हणजे उपचाराचा डाय, उत्तेजित झाल्यावर ट्रिपलेट या जास्त काळ टिकणाऱ्या अवस्थेत जातो आणि ऑक्सिजनला ऊर्जा देऊन सिंगलेट ऑक्सिजन (त्याचं पेशी मारणारं अतिक्रियाशील रूप) बनवतो. त्यासाठी ट्रिपलेटची ऊर्जा किमान ९४ किलोज्यूल प्रति मोल हवी. सिंगलेट ऑक्सिजन पाण्यात साडेतीन मायक्रोसेकंद टिकतो, पेशीत त्याहून कमी, आणि साधारण १०० नॅनोमीटरच्या परिघातच काम करतो. म्हणून डाय कुठे बसला यावर सगळं अवलंबून. एकाच रेणूकडून उजेड आणि सिंगलेट ऑक्सिजन दोन्ही हवे असतील तर दोन्ही एकाच ऊर्जेतून वाटून घ्यायचे आहेत; दोन्ही यील्डची बेरीज साधारण १ च्या आत राहते. पण मोठा काटछेद खरा इथे कामी येतो. १००० जीएमच्या रेणूने ०.६ उपचाराला दिलं आणि फक्त ०.२ उजेडासाठी ठेवलं, तरी उजळपणा २०० राहतो, म्हणजे फ्लुओरेसीनच्या सहापट. तेव्हा उत्तर ‘हो, चालेल’ असं आहे. फक्त बघणं हाच उपचार होऊन बसतो याचं भान हवं. चित्र घेताना ताकद उपचाराच्या पाव हिस्सा ठेवली तर उत्तेजना सोळाव्या हिश्शावर येते, एवढा फरक पुरतो. ट्रिपलेट वाढवायला ब्रोमीन किंवा आयोडीन जोडतात. तुमच्या ट्रायफेनिलअमाईनवर ब्रोमीन बसवणं रसायनाच्या दृष्टीने सोपं आहे, पण त्याने दाता थोडा कमकुवत होतो आणि तरंगलांबी निळीकडे सरकते, तेव्हा वर्णपट पुन्हा मोजा.

सिंगलेट ऑक्सिजन मोजायची सगळ्यात निखळ पद्धत म्हणजे त्याची स्वतःची १२७० नॅनोमीटरची चमक. सिंगलेट ऑक्सिजनने फिकं पडणारं डायफेनिलआयसोबेन्झोफ्युरान स्वस्त आहे, पण ते इतर रॅडिकलनीही फिकं पडतं. सोडियम अझाइड (सिंगलेट ऑक्सिजन विझवणारं) घालून फिकं पडणं थांबतं का, आणि जड पाण्यात (जिथे तो जास्त टिकतो) वाढतं का, हे दोन्ही दाखवल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

पेशी मारण्याच्या प्रयोगात हमखास होणारी चूक एमटीटीची (पूर्ण खणातल्या जिवंत पेशींचा अंदाज रंगावरून देणारी चाचणी). ९६ खणांच्या प्लेटमधल्या एका खणाचं क्षेत्रफळ ०.३२ चौरस सेंटिमीटर. सूक्ष्मदर्शकाने तुम्ही अर्धा मिलिमीटर बाजूचा चौकोन स्कॅन केलात, म्हणजे खणाचा एक टक्कादेखील नाही. त्या चौकोनातली प्रत्येक पेशी मेली तरी एमटीटीला फरक कळणार नाही. कॅल्सीन (जिवंत पेशींसाठी) आणि प्रॉपिडियम आयोडाइडने (मेलेल्यांसाठी) रंगवून स्कॅन केलेला चौकोन आणि त्याच्या शेजारचा भाग एकाच चित्रात दाखवा. सोबत डाय-विना-लेझर आणि लेझर-विना-डाय हे दोन्ही नमुने हवेतच. दुसरा फक्त नावापुरता घेऊ नका, कारण फेमटोसेकंद लेझर जास्त ताकदीला डाय नसतानाही पेशी मारतो. दोन स्कॅनमध्ये काही सेकंद थांबा, म्हणजे संपलेला ऑक्सिजन परत येईल.

रुग्णापर्यंत पोचायचं स्वप्न असेल तर घनफळाचा हिशोब आधी करा. दोन फोटॉनचा केंद्रबिंदू साधारण एक घन मायक्रोमीटर. १ घन मिलिमीटर गाठीत असे १०० कोटी बिंदू. प्रत्येकाला १ मिलिसेकंद दिला तर १० लाख सेकंद, म्हणजे साडेअकरा दिवस. याउलट डोळ्यासाठी २००० पासून वापरात असलेलं व्हर्टेपोर्फिन हे फोटोसेन्सिटायझर बघा: शरीराच्या पृष्ठफळाप्रमाणे दर चौरस मीटरला ६ मिलिग्रॅम, १० मिनिटांत शिरेतून, आणि सुरुवातीपासून १५ मिनिटांनी ६८९ नॅनोमीटरचा साधा लेझर ८३ सेकंद. संपलं. गाठ जाळायला दोन फोटॉन हे हत्यारच नव्हे. ते शोभतं तिथे, जिथे शेजारच्या पेशीला धक्का लागता कामा नये आणि लक्ष्य इवलंसं आहे. ऑक्सफर्डच्या गटाने २००८ मध्ये जोडलेल्या पोर्फिरिनच्या (वलयाकार रंगद्रव्याच्या) जोड्या वापरून जिवंत उंदराची रक्तवाहिनी बंद करून दाखवली, ती नेमकी अशीच जागा. वाहिनी बंद झाली की तिच्यावर पोसलेलं सगळं आपोआप उपाशी पडतं, म्हणून थोडं घनफळ जाळून भागतं. साध्या व्हर्टेपोर्फिनचा काटछेद ५० जीएमच्या घरात, तर त्या जोड्यांचा कित्येक हजारांत.

रुग्णांच्या त्वचेवर दोन फोटॉन इमेजिंग होतं, जर्मनीतल्या जेनलॅब कंपनीची यंत्रं त्यासाठीच आहेत, पण ते एनएडीएच, इलॅस्टिन आणि कोलॅजन यांच्या अंगच्या चमकेवर चालतं, बाहेरचा डाय न घालता. तुमच्या डायला जागा उंदरांवरच्या संशोधनात आधी मिळेल. मेंदूत अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या खाली जायचं असेल तर तीन फोटॉन आणि १३०० किंवा १७०० नॅनोमीटरकडे वळावं लागतं, मधला १४५० चा पट्टा पाणी गिळून टाकतं. त्या कामात पल्स ८० ऐवजी १ मेगाहर्ट्झच्या आसपास ठेवतात, म्हणजे सरासरी उष्णता न वाढता शिखर ताकद मिळते. प्राण्यांवरच्या कामासाठी संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी आधी घ्या, आणि अर्जात डायची अंधारातली विषारीता, रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटल्यावरचा वर्णपट आणि २४ तासांनंतर तो यकृतात किती उरतो याचे आकडे द्या. अल्ब्युमिनचं मोजमाप तर तुम्ही आजच करू शकता: ५ मायक्रोमोलर डायमध्ये ५० मायक्रोमोलर अल्ब्युमिन घालून क्वांटम यील्ड घ्या. ते ०.०२ वरून ०.२ च्या पुढे गेलं, आणि ग्लुटाथायोनच्या चाचणीत डाय टिकला, तर हा रेणू टाकून देऊ नका.